पांढऱ्यात थेंबभर नीळ

४ मे

पांढरा रंग आता पांढरा राहिलेला नाही. पेणच्या दुकानदाराला आज तोंडावर सांगितलं, की बाबा रे, कंपनी पांढऱ्यात पिवळं घालते आणि तू ते आमच्या गळ्यात मारतोस. तो म्हणाला, "अप्पा, सगळे हाच नेतात. कुणाची तक्रार नाय." सगळ्यांचं मला सांगू नको म्हटलं. जन्म गेला निसर्गचित्रं रंगवण्यात, मला पांढरा कळत नाही होय?

घरी येऊन ट्यूबमधल्या पांढऱ्यात नीळ मिसळली तेव्हा कुठे तो डोळ्याला बरा वाटला. ही आमच्या वडिलांची युक्ती. धोतराला घालतात तशी पांढऱ्यात थेंबभर नीळ घालायची, की पांढरं उजळतं. हल्ली मात्र थेंबभराने भागत नाही.

प्रणित सेकंड शिफ्टला निघाला होता. धाटावच्या केमिकल कंपनीची बस सुटेल म्हणून धावपळ चालली होती, तरी बापाला टोमणा मारायला वेळ मिळालाच. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाला. पोटचा आहे म्हणून सोडला.

दमलोय. एका फार्महाऊसवाल्याची भिंत चालू आहे. माडांची रांग, मागे डोंगर, पाण्यात होडी. त्याला होडीत बगळा हवा. बगळा होडीत बसत नाही हो, असं सांगून पाहिलं. "आमचा बसेल," म्हणाला. बसवला.

९ मे

सुरभी आली होती. मुंबईच्या गॅलरीवाली मुलगी, आमच्या प्रणितच्या वयाची. हिवाळ्यात माझी तीन चित्रं तिने इतरांच्या चित्रांसोबत लावली होती आणि लोक ती तीनच बघत उभे राहिले, असं म्हणाली. आता ऑक्टोबरात एकट्या माझं प्रदर्शन करायचं म्हणते. बारा चित्रं हवीत आणि सगळी निडीचीच, स्टेशनामागची भातशेतं आणि डोंगर.

पडवीत चित्रांसमोर खूप वेळ बसली. मग विचारलं, "काका, हा निळा कुठून आणलात?"

म्हटलं, निळा कुठे? भात आहे ते. हिरवं आहे.

ती खळखळून हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. ही मोठ्या शहरातली मंडळी चित्राबद्दल काय बोलतील त्याचा नेम नाही. प्रणितची आई, रंभा, चहा घेऊन उभी होती. ती हसली नाही. कप ठेवला आणि आत गेली.

गाडी गेल्यावर मी एकटाच पडवीत येरझाऱ्या घालत राहिलो. इथे खोटं कशाला लिहू, मला फार आनंद झालाय आणि भीतीही वाटतेय. साठी उलटली. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींवर होड्या काढल्या. हैबतराव नावाचा माणूस चित्रं काढायचा, हे कुठेतरी एकदा मोठ्या अक्षरांत लागावं. आता झालं नाही तर काही होत नाही.

२१ मे

मेहुण्याच्या मुलीचं लग्न, कोलाडला. निघताना रंभाला म्हटलं, लग्नघरी काळं कसलं नेसलीस गो, जनाची नाही तर मनाची तरी ठेव.

"अवो, काळं नाय, निळं हाय."

म्हटलं, मला शिकवतेस रंग?

"नाय, तुम्हाला कोण शिकवणार," म्हणाली आणि त्याच साडीत लग्नाला आली. मांडवात मी कुणाशी धड बोललो नाही. येताना प्रणितच्या मोटरसायकलवर मागे बसलो, तर समोरच्या प्रत्येक गाडीचे दिवे डोळ्यांत फुटत होते. हे नवे पांढरे दिवे सरकारने बंद करायला हवेत.

८ जून

हमरापूरला काळुरामचा गणपतीचा कारखाना सुरू झाला. दरवर्षीप्रमाणे डोळ्यांची आखणी माझ्याकडे. अंगाचा रंग कुणीही फवारतो, शेले-पीतांबर रंगवायला बायका असतात, त्यात रंभाही आहे. पण डोळे सगळ्यात शेवटी आणि एकाच हाताने. दोन डोळ्यांना दोन हात लागले की नजर फाकते. मग गणपती भिंतीकडे बघतो आणि घरचा माणूस आरती धरून ताटकळत राहतो.

आखणीला बसलं की माझं निसर्गचित्र मागे पडतं, हे खरं. पण सोडवतही नाही. समोरून नुसती माती असते आणि दोन रेघांनंतर ती बघायला लागते. डोंगर रंगवून असं कधी होत नाही. डोंगर कितीही चांगला उतरला तरी आपल्याकडे बघत नाही.

रंभाचं काही कळत नाही. पूर्वी तिचे शेले सगळ्यांच्या आधी व्हायचे, हल्ली ढीग तसाच पडलेला. मी जेवायला घरी निघालो की म्हणते, "तुम्ही व्हा फुडं. मी बघते जरा." काय बघते देव जाणे. दुपारभर थांबते. काळुरामही तिला काही बोलत नाही. वय झालं, हात मंदावला असेल तिचा. मी बोलून दाखवलं नाही, उगाच मनाला लागेल.

२२ जून

सकाळच्या गाडीने निडी. स्टेशनामागे बांधावर छत्री रोवून बसलो. जागेवर मी रंग लावत नाही, नुसती पेन्सिल. रंग घरी, आठवणीने. जागेवर बसलेला माणूस जे दिसतं ते काढतो. घरी बसला की जे आहे ते काढतो. हे माझं मत आहे आणि सुरभीला ते इतकं आवडलं की तिने मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

आजचा प्रश्न विजेच्या मनोऱ्याचा होता. शेतांच्या मधोमध उभा. इतकी वर्षं मी तो गाळत आलो. आज का कोण जाणे, गाळवेना. फार्महाऊसवाल्यासाठी बगळा घातला आणि स्वतःसाठी मनोरा पुसत बसलो, म्हणजे खोटं दोन्हीकडे सारखंच की. घातला. पण बांधावर रोपं घेऊन उभ्या असलेल्या वाडीवरच्या बाया गाळल्या. सगळ्यांना घेतलं तर डोंगराला जागा कुठे उरते? शिवाय त्यांच्या लुगड्यांचे रंग मला एकमेकांपासून नीट वेगळे काढता येईनात. धुरकट हवा आहे. धाटावचा धूर इथवर येतो, दुसरं काय.

पाठ मोडून आलीय. आठ चित्रं झाली, नववं चालू.

६ जुलै

रंभा चार दिवस माहेरी, भावाला बरं नाही. काळुरामही माल पोचवायला मुंबईत. कारखान्यात मी एकटा शहाणा. छान काम झालं. कुणी मागे घुटमळत नाही, मान मोडून सलग डोळे घातले. पांढरा अगदी झकास जमला, नीळ जरा सढळ हाताने घातली. तो सगळा माल टेम्पोत भरून गेलासुद्धा.

११ जुलै

आज फार वाईट दिवस.

काळुराम घरी आला. तो कधी घरी येत नाही. पाणी प्यायला, पावसापाण्याचं बोलला, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "दादा, रागावू नका. वडखळच्या गिऱ्हाइकाची मूर्त परत आली. त्यांची नात म्हनते, बाप्पाचे डोळे निळे हायत."

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मी तिथे डोळे घालतोय. पोरीचं ऐकून तू मला सांगायला आलास? उद्यापासून दुसरा बघ. तो बिचारा "तसं नाय दादा, तसं नाय" करत राहिला.

रंभा आजच माहेरून परत आली होती. दारातून म्हणाली, "तुम्ही जावा काळूभावजी. मी बघते."

हे वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. काय बघतेस, म्हटलं. नवऱ्याची अब्रू चारचौघांत काढली आणि तू त्याची बाजू घेतेस? ती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्न झाल्यापासून मी तिला दोन-तीनदाच रडताना पाहिलंय. मी पडवीत येऊन बसलो. जेवलो नाही.

१५ जुलै

प्रणितने रोह्याला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. म्हणजे सांगितलं नुसतं, "अप्पा, चला, चष्म्याचा नंबर काढू." मायलेकांनी मिळून रचलेला डाव होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलाय, डावा त्याच्या मागे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या, "काका, तुम्ही दोन-तीन वर्षं पिवळ्या काचेतून बघताय. निळा रंग त्या काचेतून आत पोचतच नाही. पांढरं तुम्हाला पिवळं दिसतं, गडद निळं काळं दिसतं."

 परतीच्या वाटेवर रंभाची लग्नातली साडी आठवली. मग दुकानदार. मग वडखळची ती पोर. आणि मग, नागोठण्याच्या पुढे कुठेतरी, सुरभी आठवली. काका, हा निळा कुठून आणलात?

घरी येऊन नऊ चित्रांसमोर उभा राहिलो. मला ती हिरवीच दिसतात. चांगली हिरवी, निडीसारखी हिरवी. मग लोक तिकडे काय बघत उभे होते?

१७ जुलै

सुरभीला फोन केला. डोळ्यांचं सांगितलं नाही. नुसतं विचारलं, पुढच्या तीन चित्रांत निळा थोडा कमी आला तर चालेल का?

"काका, प्लीज," म्हणाली, "त्या निळ्यासाठी तर सगळं चाललंय. आमंत्रणाचं कार्डसुद्धा निळं केलंय."

म्हणजे असं आहे. जन्मभर धड डोळ्यांनी रंगवलं तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. डोळे गेले आणि चित्रकार झालो.

ऑपरेशन दिवाळीनंतर करू, असं रंभाला सांगितलं. तीन चित्रं या डोळ्यांनी होऊन जाऊ देत. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "आनि तवर रस्ता कोण बघंल? परवा पायरी चुकलात, म्या धरलं. धरलं नसतं तर?" मी म्हटलं, तुला चित्रातलं काय कळतं. "चित्रातलं नाय कळत," म्हणाली, "तुमच्यातलं कळतं."

 प्रणितने तारीख घेतली आहे.

३० जुलै

काल पनवेलला उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली.

हे कसं लिहू? खोलीचा पडदा निळा होता. इतका निळा की मला रडू आलं. नर्सबाई घाबरल्या, रडू नका म्हणाल्या, टाके नसले तरी डोळा कच्चा आहे. बाहेर बाकावर रंभा बसली होती. तिचे केस पांढरेशुभ्र आहेत. मला इतके दिवस ते भुरकट दिसायचे. तोंडावर किती सुरकुत्या! मी नुसता बघत राहिलो.

"दिसली का म्हातारी?" म्हणाली. "आता बसा बोंबलत. एवढा खर्च करून हेच बघायचं व्हतं."

काळा चष्मा लावून घरी आलो. पडवीत जायला तिने सांजवेळ होईपर्यंत अडवलं. आज डोळ्याला ताण नको म्हणाली. मी गेलोच.

नऊच्या नऊ चित्रं निळीत बुचकळून काढल्यासारखी. शेतं निळी, डोंगर निळा, आभाळाचं तर विचारू नका. हे मी केलं? निडीला असं काहीही नाही. शरमेने मान वर करवेना. मुंबईत लोक याच्यापुढे उभे राहिले आणि मी मिशीला पीळ भरत फिरलो.

५ ऑगस्ट

ठरवलं, की सगळं दुरुस्त करायचं. पिवळा टर्पेंटाइनमध्ये पातळ केला. नऊही चित्रांवर एक पातळ हात दिला की निळं मरेल आणि शेतं हिरवी होतील. प्रदर्शन गेलं तर गेलं. खोट्या चित्राखाली माझं नाव नको.

नववं चित्र आधी घेतलं. ब्रश लावणार, तर रंभा मध्ये येऊन उभी राहिली. हातावर तांदळाचं पीठ तसंच. "हात लावू नका."

म्हटलं, बाजूला हो. चूक झालीय ती सुधारू दे.

"चूक नाय."

"अगो, शेत निळं असतं का कधी?"

"नसंल. पन लावू नका म्हनते ना हात." आणि ती खरंच हलली नाही. पिवळा वाटीत सुकून गेला. हट्टी बाई. माझ्या कामात हिने कधी तोंड घातलं नव्हतं, आणि आज घातलं ते असं उलटं.

तिच्यामागे ते नववं चित्र होतं. मधोमध मनोरा उभा, निळ्या शेतात. चिडलेलो होतो म्हणून तेव्हा कबूल केलं नाही, आता लिहितो. वाईट दिसत नव्हतं.

१० ऑगस्ट

दहाव्या चित्राला बसलो. मनात पाप आलं. बरा केलेला डोळा हाताने झाकला आणि डाव्या, पिवळ्या डोळ्याने रंगवायला घेतलं. जुना हैबतराव अजून तिकडे आहे, तीन चित्रांपुरता पुरेल, असा हिशेब.

जमेना. ब्रश निळ्याकडे गेला की मला आता माहीत असतं की तो निळा आहे. आंधळेपणाचं सोंग आणता येत नाही. कॅनव्हास खरवडून टाकला आणि नुसता पडून राहिलो. फार थकलोय. आधी दिसत नव्हतं याचा थकवा नव्हता तेवढा दिसायला लागल्याचा आहे.

१८ ऑगस्ट

आज हिंमत करून हमरापूरला गेलो. वडखळचा प्रकार झाल्यापासून कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. म्हटलं, माझ्या हातून निळ्या डोळ्यांचे किती गणपती झालेत ते एकदा बघू. जे काही राहिले असतील ते तरी साफ करून देऊ, आणि काळुरामच्या पाया पडू.

फळ्यांवर रांगेने मूर्ती. जूनमधलं माझं काम, रेघ न् रेघ माझी. पण डोळे पांढरे. सगळे. स्वच्छ, दुधासारखे.

एक मूर्ती उचलून उजेडात नेली. नव्या डोळ्याने अगदी जवळून बघितलं. पापणीच्या रेघेखाली निळ्याची बारीक कड उरली होती, केसाएवढी. त्यावर दुसरा हात दिलेला. पुढची उचलली, तिथेही तसंच. तिच्या पुढचीलाही.

रंभा कोपऱ्यात शेला रंगवत होती. तिने वर बघितलं आणि तिला कळलं. बाकीच्या बायकांनी शेल्यांवर माना खाली घातल्या. काळुराम टेम्पो बघायच्या निमित्ताने बाहेर पळाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागल्या वर्षाच्या आदल्या वर्षापासनं. काळूभावजींनीच पयलं दाखवलं मला." ब्रश तिच्या हातातच होता. "तुमची रेघ नाय पुसली हां. नजर तुमचीच हाय. म्या नुसतं पांढरं पांढरं केलं."

म्हणजे तुम्ही व्हा पुढं, मी बघते, ते हे. रोज दुपारी. आणि मी समजत होतो बाईचा हात मंदावला.

"मला सांगायचंस," म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आखणी सोडली असती. मग घरात बसून काय केलं असतं तुम्ही?"

मी खाली बसलो, तिच्या शेल्यांच्या ढिगाजवळ. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. गणपतीचे डोळे पुसलेस. मग चित्रांना का हात लावला नाहीस? मलाही का लावू दिला नाहीस?

तिला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "गनपती लोकांच्या घरी जातो. चित्रं तुमची हायत. तुम्हाला तसं दिसत व्हतं, त्यात म्या कशाला बोट घालू?" मग शेल्याची कड ओढता ओढता म्हणाली, "आनि तुम्हाला काय काय दिसतं, ते मला तरी दुसरं कुठनं कळनार व्हतं?"

बायकांसमोर रडायची लाज वाटली. रडलो.

२२ ऑगस्ट

सुरभीला सगळं सांगितलं. मोतीबिंदू, ऑपरेशन, नीळ. म्हटलं, नऊ चित्रं आहेत तशी घेऊन जा, त्यांना मी हात लावणार नाही. पुढची तीन जशी दिसतील तशी येतील. नको असतील तर भिंत मोकळी ठेव.

 ती म्हणाली, लोक काय म्हणतील माहीत नाही, काका. म्हटलं, मलाही माहीत नाही. प्रदर्शन होईल की नाही, ते ती आठवड्यात कळवणार आहे.

काल निडीला जाऊन आलो. दहावं चित्र पेन्सिलीत घेतलं. मनोरा आहे. वाडीवरच्या बायाही घेतल्या या वेळी. त्यांची लुगडी आता वेगवेगळी दिसतात. डोंगर जरा बाजूला सरकवावा लागला.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. आज हरतालिका, रंभाचा कडक उपास. आमच्याकडे घरची मूर्ती डोळ्यांशिवाय आणतात आणि आखणी आदल्या दिवशी घरातच करतात. लग्न झाल्यापासून ती मीच करत आलो.

प्रणितने मूर्ती पाटावर ठेवली. मी ब्रश धुतला, पांढरा वाटीत काढला आणि ब्रश रंभापुढे धरला. दोन्ही डोळे तूच घाल म्हटलं.

"भलतंच काय? मला रेघ येत नाय. हात कापंल माझा."

"कापू दे."

"नजर फाकली तर?"

"फाकली तर आपल्याच घरात आहे."

तिने पदराला हात पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. पाटासमोर बसली आणि मान वळवून मला विचारलं, "आनि तुम्ही काय करनार?"

"मी बघतो," म्हटलं.

तिने ब्रश पांढऱ्यात बुडवला. निळीची बाटली मी आधीच उचलून आत ठेवली होती.